सुभाषच्या ट्रकचं पाणी

फौजेतून आलेल्या माणसाला गावात दोनच प्रश्न विचारतात. किती माणसं मारलीस, आणि कँटीनमधून काय आणलंस. पहिल्याचं उत्तर, एकही नाही. दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही.

मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. रायफल वर्षातून एकदा फायरिंग रेंजवर चालवली आणि दरवर्षी टार्गेटवाल्यांनी माझी कीव केली. बाकी सगळी नोकरी गाडीखाली उताणा पडून काढली. लडाखात, राजस्थानात, आसामात, गाडीखालून सगळीकडचं आभाळ सारखंच दिसतं, म्हणजे दिसतच नाही. निवृत्त झालो आणि पावसजवळच्या आमच्या वाडीत परत आलो. आता आंब्याची चार कलमं, थोडा काजू आणि माझं तोंड, एवढंच चालतं. तोंड जरा जास्त चालतं असं घरातली माणसं म्हणतात. म्हणोत बापडी.

ही गोष्ट गेल्या आंब्याच्या सीझनची. सकाळी दिलीपचा फोन आला. दिलीप म्हणजे आमच्या वाडीतला ट्रकवाला. मी फोनवर अजून वायरलेसवर बोलल्यासारखाच बोलतो. आमच्याकडे रेंज तशीच आहे, त्यामुळे ते बरंही पडतं.

“काका, गाडी परत उकळली.”

“लोकेशन?”

“गोळपचा चढ.”

“लोड?”

“आंब्याच्या पेट्या. रत्नागिरीत पोचवायच्यात.”

“पाणी?”

“काल गळ्यापर्यंत भरलेलं. आज टिपूस नाय.”

“इंजिन बंद ठेव. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको. गार होऊ दे. ओव्हर.”

पलीकडून फुंकर घातल्याचा आवाज आला.

“लावला काका.”

“मग?”

“भाजला.”

सिव्हिलियन माणसाला ऑर्डर दिली की ती पोचेपर्यंत त्यानं उलटं करून ठेवलेलं असतं. यावर औषध नाही.

आता हा ट्रक साधा नव्हता, म्हणून मी त्यात पडलो. तो दिलीपच्या थोरल्या भावानं, सुभाषनं, सुट्टीवर आला असताना सेकंडहँड घेऊन दिला होता. सुभाष फौजेत ड्रायव्हर होता, हुद्दा नाईक. वर्ष-दीड वर्ष तो माझ्याच ठिकाणी पोस्टिंगला होता, तिकडे वर, बर्फात. ट्रक घेतला ती त्याची शेवटची सुट्टी. परत गेला तो आला नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्याच ट्रकवर ते घर चालतं. सीझनला आंबा, एरवी जांभ्याचे चिरे, कधी मिरकरवाड्याच्या मासळी बंदराला बर्फ. ट्रक म्हातारा झाला आहे. टेंपरेचरचा काटा मेलेला, हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो. पण चालतो.

महिनाभर तो रोज सकाळी त्याच चढावर उकळत होता. काल भरलंय म्हणून दिलीप सकाळी झाकण उघडून बघत नसे. दिलीपनं वाडीच्या राखणदार देवाला नारळ दिला, तरी उकळला. मग रत्नागिरीतल्या एका मिस्त्रीला दाखवला. त्या मिस्त्रीनं बॉनेट न उघडता, दात कोरत सांगितलं, हेड गॅस्केट गेलं.

हेड गॅस्केट म्हणजे काय, ते सांगतो. कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते ना, तसं इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागात एक चपटं पॅकिंग असतं. ते गेलं की रेडिएटरचं पाणी इंजिनाच्या पोटात उतरतं आणि वाफ होऊन सायलेन्सरातून निघून जातं. खाली थेंब पडत नाही आणि वर पाणी राहत नाही. मग हेड उतरवा, घासून आणा, नवीन बसवा. ह्या वयाच्या ट्रकाला तो खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दिलीपनं ठरवून टाकलं. गॅस्केट गेलं असेल तर गाडी भंगारात. भंगारवाला सोमवारी येणार होता. दिलीपला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण भाऊ भाऊ म्हणून गाडी चढ चढत नाही, असं तो मला म्हणाला, आणि ते बरोबर होतं.

तात्या म्हणजे ह्या दोघा भावांचे वडील. ऐंशीला आलेला माणूस. भंगारवाल्याचं कळल्यापासून अर्धीच भाकरी खाऊन उठायचे आणि पायरीवर ट्रककडे तोंड करून बसायचे. दिलीपची बायको मनीषा मला म्हणाली, “काका, गाडी गेली तर तात्या पावसाळा काढायचे नाहीत. बघा तुम्ही काय ते.”

शनिवारी दुपारी मी पाने-पक्कड घेऊन त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर झालो. फौजेत एक नियम असतो. आधी तपासणी, मग निदान, मग शिवी. बाहेर हे सगळं उलट चालतं.

तेलाची पट्टी काढली. पाणी तेलात मिसळलं की तेल ताकासारखं पांढरट होतं. हे काळं होतं, चांगलं काळं, बरेच दिवस बदललेलं नव्हतं एवढंच. त्यावर दिलीपला पाच मिनिटं बोललो. मग होज पाइप चाचपले, वॉटर पंप बघितला. सुके. इंजिन चालू करायला लावलं आणि सायलेन्सरला नाक लावून बसलो. तोपर्यंत अर्धी वाडी कुंपणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसली होती. ढुंगणाकडून गाडीचा वास घेणारा हवालदार त्यांनी आधी पाहिला नव्हता. धूर पांढरा नव्हता.

मग शेवटची टेस्ट. गॅस्केट फाटलं असेल तर इंजिनातली हवा पाण्यात शिरते आणि रेडिएटरच्या तोंडातून वर येते. त्या तोंडावर फुगा घट्ट बांधायचा आणि इंजिन चालवायचं. फुगा फुगला की गॅस्केट गेलं. वर्कशॉपमध्ये आम्ही रबरी हातमोजा लावायचो. इथे मनीषानं मुलीच्या वाढदिवसाचा उरलेला फुगा आणून दिला. गुलाबी, वर ‘हॅपी बर्थडे’. तो बांधला. सेल्फ मारून इंजिन चालू केलं. सगळी वाडी फुग्याकडे बघत उभी. कोणी तरी म्हणालं, फुगतोय. दुसरा म्हणाला, वारा आहे. दोघांची जुंपली. फुगा शेवटपर्यंत माझ्या सासऱ्याच्या गालासारखा लोंबत राहिला.

“गॅस्केट ओके,” मी जाहीर केलं.

“मग पाणी जातंय खय?” दिलीप म्हणाला.

 मी पायरीवरच्या तात्यांना विचारलं, “तात्या, तुम्ही दिवसभर गाडीसमोर असता. कुठून गळते काही दिसतं का?”

“गाडी गळत नाय,” तात्या म्हणाले. आणि ते खरं होतं.

मी रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं, गाडी हलवायची नाही असं बजावून घरी गेलो. रविवारी सकाळी फर्स्ट परेडच्या वेळेला पोचलो, म्हणजे उजाडताच. झाकण काढलं. आत ठणठणाट. गाडीखाली हात फिरवला. जमीन कोरडी.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. चालू इंजिनात गॅस्केट पाणी खाईल. बंद इंजिनात, गार पडलेल्या गाडीत, रातोरात एवढं पाणी पिणारं गॅस्केट मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ही बिघाडाची केस नव्हती. ही शत्रूची कारवाई होती. दिलीपचा एक चुलतभाऊ होता, त्याचाही ट्रक होता. माझा संशय त्याच्यावर गेला. मी कोणाला काही बोललो नाही. रेडिएटर पुन्हा भरला आणि दिवेलागणीच्या आधी येऊन चिऱ्यांच्या ढिगामागे संतरी ड्युटीवर बसलो.

डास मोप होते. संतरीनं हलायचं नसतं, म्हणून मी मनातल्या मनात शिव्या देत बसलो. आत मनीषानं देवापुढे दिवा लावला. थोड्या वेळानं एक आकृती खळ्यात आली, ट्रकच्या तोंडाशी वाकली, आणि रेडिएटरच्या खालचा नळ फिरवल्याचा आवाज आला. मग पाण्याची धार. मी उठलो आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं.

“थम! कौन आता है?”

“तुजा बापूस,” आकृती म्हणाली. वळूनसुद्धा बघितलं नाही.

तात्या होते. खाली घंगाळ लावलं होतं आणि पाणी त्यात पडत होतं.

“तात्या, हे काय करताय?”

“पाणी काढतोय. रात्री ठेवलं तर इंजान फुटतं.”

“कोणी सांगितलं?”

“सुभाषनं सांगलान. गाडी घेतलान ना, तवा सांगलान. तात्या, रोज सांजचं पाणी काढ, सकाळी भर. आमच्या हवालदारसाहेबाचा हुकूम हाय म्हणाला.”

मी तिथेच चिऱ्यांवर बसलो.

हवालदारसाहेब म्हणजे मीच. वर त्या थंडीत रेडिएटरमधलं पाणी रातोरात गोठतं, गोठलं की फुगतं, आणि लोखंडाचा इंजिन ब्लॉक उभा चिरतो. पाणी गोठू न देणारं औषध असतं, पण त्या हिवाळ्यात ते वेळेवर वर पोचलं नव्हतं. म्हणून मी सगळ्या ड्रायव्हरांना उभं करून सांगितलं होतं, रोज संध्याकाळी पाणी काढायचं. जो विसरेल त्याला मी त्याच बर्फात पुरीन. सुभाष सगळ्यांत प्रामाणिक पोरगा. तो ऑर्डर घेऊन थेट रत्नागिरीत आला, जिथे माणूस थंडीत जास्तीत जास्त पंखा बारीक करतो, आणि बापाला ती देऊन गेला. बारा वर्षं तात्या ती पाळत होते. पाणी काढायचे, पहाटे सगळे उठायच्या आत भरायचे. म्हणून कोणाला कधी पत्ता लागला नाही. मिस्त्री, राखणदार, फुगा, सगळं झालं, आणि ज्याला शोधायला बसलो तो शत्रू मी स्वतःच निघालो.

“पण तात्या, सकाळी रेडिएटर रिकामा असतो,” मी म्हणालो.

“भरतो ना मी.”

मनीषा पडवीत आली होती. ती हळूच म्हणाली, “कुठे भरता तात्या? ते घंगाळ रोज मीच माडाच्या मुळात ओतते. मला वाटलं पाय धुतलेलं पाणी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काखेत कळसा नि गावाला वळसा. फुगा फुकट घालवलात काका.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं. तात्या घंगाळाकडे बघत होते.

“भरलं नाय मी?” ते म्हणाले.

महिनाभर ते विसरत होते. काढायचं लक्षात राहत होतं, भरायचं नाही. मला फार वाईट वाटलं. मी सावरून बसलो आणि साहेबी आवाजात म्हणालो, “तात्या, ती ऑर्डर माझी होती. मी रद्द करतो. इथे पाणी गोठत नाही. आजपासून काढायचं नाही.”

तात्यांनी मान हलवली. नाही.

“तू हवालदार असशील तुज्या घरी. मी पाणी काढणार.”

“अहो पण का?”

 घंगाळ भरत आलं होतं.

“तो इसरला असंल,” तात्या म्हणाले. “एक दिवस इसरला असंल, गाडी बंद पडली असंल थय बर्फात. म्हणून गेला. मी नाय इसरणार.”

बारा वर्षं हा माणूस असं समजत होता. आणि निवृत्त झाल्यापासून मी तीन घरं सोडून राहत होतो. सुभाषबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्याकडे पुरुष माणसं एकमेकांना असलं विचारत नाहीत.

मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि जे घडलं ते सांगितलं. त्या सकाळी ताफा निघायचा होता. रात्री नेहमीपेक्षा जास्त थंडी पडली होती. सगळ्या गाड्या कुरकुरत होत्या, आम्ही सेल्फ मारून मारून थकलो होतो. एकच गाडी, रात्री पाणी काढून पहाटे गरम करून भरलेली, पहिल्या सेल्फला सुरू झाली. सुभाषची. म्हणून सुभेदारसाहेबांनी ती पुढे लावली. खिंडीच्या वळणावर वरून बर्फाचा कडा सुटला. पहिली गाडी त्याच्याखाली गेली. मागच्या गाड्यांतले आम्ही सगळे परत आलो.

“इसरला नाय?” तात्यांनी विचारलं.

“एक दिवस नाही.”

“पयल्या सेल्फला?”

“पहिल्या.”

तात्यांनी हात खाली घालून नळ बंद केला. मग घंगाळाची एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी धरली. मनीषानं बॅटरीचा उजेड दाखवला आणि आम्ही पाणी परत रेडिएटरमध्ये ओतलं. थोडं माझ्या पायावर सांडलं. झाकण तात्यांनी स्वतः लावलं. मनीषा पदरानं डोळे पुसत होती आणि दिलीप कधी येऊन मागे उभा राहिला ते मला कळलं नाही.

सोमवारी भंगारवाला आला. गाडी विकायची नाही म्हटल्यावर तो जरा चिडला. एवढ्या लांब बोलावलंत म्हणाला, आणि ह्या खटाऱ्यात ठेवायचं काय आहे?

“पयल्या सेल्फला सुरू व्हायची,” तात्या पायरीवरून म्हणाले.

“बघू तरी,” भंगारवाला म्हणाला.

दिलीपनं चावी फिरवली. ट्रक खोकला. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा कसाबसा धडधडला.

“तिसऱ्याला झाली, आजोबा,” भंगारवाला म्हणाला.

“ही नव्हं,” तात्या म्हणाले. “माज्या सुभाषची.”