तळ्याकाठची जागा का सोडली

मंडळी, आमचे जावई मंदारराव यांनी दुपारी या समूहावर लिहिले की, बाबांच्या, म्हणजे माझ्या, हट्टामुळे तळ्याकाठची जागा हुकली. हे विधान चुकीचे आहे.

स्टुटगार्टजवळच्या कॅम्पिंगच्या मैदानावर आम्ही कॅरॅव्हॅनसाठी हंगामभराची जागा निवडत होतो. तळ्याचा काठ मलाही आवडला होता. तेथून स्वच्छतागृहापर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजत निघालो. सौभाग्यवती मागून येत होत्या. वाटेत त्या दोनदा बसल्या. मी विचारपूस केली.

"अहो, माझं काय एवढं! तुम्ही तळं बघा."

मी स्वच्छतागृहाशेजारची जागा घेतली.

आता तारखा. मैदानाला भेट आज, शनिवारी दिली, काल नव्हे. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, मेमध्ये नव्हे. सौभाग्यवतींचा गुडघा दिवाळीपासून दुखतो आहे, आजपासून नव्हे. मला मात्र ते आज कळले.