पासबुकावरचं पहिलं नाव

माझी धाकटी बहीण सदलग्याला राहते. तिचा नवरा गेला तेव्हा त्याच्या फंडाचे पैसे तिच्या हाती आले आणि ते ठेवीत गुंतवायचं काम माझ्याकडे. मी बेळगावात एका कचेरीत हेडक्लार्क होतो. कुठलाही फॉर्म भरायचा म्हटला की भावकीतले लोक अनगोळला माझ्याच घरी येत. मी तिला बँकेत नेलं, ठेवी तिच्या नावावर केल्या आणि सोबत दोघांचं बचत खातं उघडून दिलं. आमच्याकडे जोडखात्यात थोरल्याचं नाव आधी लिहितात. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं, पासबुक माझ्या कपाटात. यात कुणालाच वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

ठेवींच्या व्याजातून बँक कर कापायची. तिचं उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतं, म्हणून दरवर्षी मी तिचं रिटर्न भरून तो परत मागवायचो. परतावा त्या जोडखात्यात यायचा. पहिल्या वर्षी तिला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. दिवाळी तोंडावर होती. त्याच पैशातून खडेबाजारात तिला साडी घेतली, घासाघीससुद्धा केली नाही. भाऊबीजेच्या ताटात नोटा ठेवल्या. भाऊ असावा तर असा, असं सगळे तिच्या मुलांसमोर म्हणाले. उरलेले पैसे माझ्या घरात खर्च झाले. असं सहा वर्षं चाललं.

मग रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये खातं आधी पडताळून घ्यायची अट आली. तिचा पॅन घातला, खाते क्रमांक घातला, आयएफएससी घातला. लाल अक्षरांत उत्तर आलं, हे खातं या पॅनशी जोडलेलं नाही. तीनदा घालून पाहिलं. बँकेत गेलो, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "सर, पहिलं नाव तुमचं आहे. परतावा ज्यांचा, खातं त्यांचं पाहिजे."

फोन करून तिचं दुसरं खातं विचारता आलं असतं. पण मग आजवर पैसे कुठे येत होते, हे तिनं विचारलं असतं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि चिकोडीला बस बदलून सदलग्याला गेलो.

"तुझं एकटीचं खातं हाय काय गं कुठं?"

"हाय की. दोन वर्षं झाली." तिनं डब्यातून पासबुक काढलं. "मॅनेजर इचारत हुता, दुसरं नाव कुणाचं घालू. म्हटलं, मोकळंच ऱ्हाऊ दे."

"मला बोलली न्हाईस."

"तू तरी सगळं बोलतोस व्हय रं अण्णा?"

तिला काही ठाऊक होतं की ती सहज बोलली, मला आजही कळलेलं नाही. पण मला थांबता आलं नाही. सगळं सांगितलं, साड्यांचंसुद्धा. ती बराच वेळ पासबुक कव्हरात घालत राहिली.

"म्हंजे मीच मला ओवाळणी घातली म्हण की."

"पैसे देतो सगळे."

"दे. सोडणार न्हाय मी." मग म्हणाली, "पण पोरास्नी तू सांगायचं. अजून साड्या दाखवत्यात लोकांना, मामानं घेतल्याल्या म्हणून. तोंडानं न्हाय जमायचं तुला. लिहून दे."

रिटर्न तिच्या खात्यावर भरलं. ओटीपी तिच्या फोनवर आला. तो तिनं मला वाचून दाखवला नाही, चष्मा लावून स्वतः टाइप केला.

पैसे मी महिन्याभरात दिले. कागद दिला नाही, त्याला आता चार वर्षं झाली. दर भाऊबीजेला ती ओवाळते, मी ताटात नोटा ठेवतो आणि ती हळूच विचारते, "आणि कागद?" मुलांना वाटतं, जमिनीचं काहीतरी असेल.

भाचरांनो, तो कागद हा. परतावा तुमच्या आईचा होता आणि त्या साड्या तिच्याच पैशांच्या होत्या. त्यांतली जांभळी इरकल तेवढी माझ्या पसंतीची.