छातीवर बसणारी सवत

सतराव्या वर्षी मी सातवी पास होते आणि अकलेने दुसरी नापास. त्याच वर्षी माझं लग्न झालं. देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, मला मात्र सासू मिळाली. माहेर पिंप्राळ्याचं, सासर पार शिंदखेड्याकडे, कापूस पिकवणारं. बिजवराला दिलेली मुलगी मी. पहिली बायको तापाने गेलेली, मागे सहा वर्षांची लेक. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नातच माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला: चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. मेलेलीचा मान राखायचा, म्हणजे ती संसारात विघ्न आणत नाही.

वेचणीचे दिवस होते. पहाटेपासून वाकून वाकून कंबर मोडायची. दुपारी घरी आले की कापसाच्या खोलीत शिरायचं आणि ढिगावर उताणं पडायचं. तशाच एका दुपारी डोळे उघडले. आढं दिसत होतं, बाहेर सासूबाईंचं जातं ऐकू येत होतं, पण बोटसुद्धा हलेना. ओरडायला गेले तर घशातून नुसतं ‘ऊं’ निघालं. आणि छातीवर एक बाई बसलेली. तोंड माझ्याकडे, हालचाल नाही. थोड्या वेळाने अंग सुटलं, बाई गेली, मी धावत अंगणात.

आठवडाभरात तीनदा झालं. सवतच ती, दुसरी कोण असणार? हुशार माणसाला शंका तरी येते, मला तीही आली नाही. मी लेकीला जवळ घेईनाशी झाले. ती ताटाशी येऊन बसली की मी उठायची. तिच्या डोळ्यांतून तिची आई बघते असं वाटायचं. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा मी स्वतःला फार सावध समजत होते.

शेवटी मी सासूबाईंना म्हटलं, भगताला बोलवा, तिला बांधून टाकू दे. उंबऱ्यात खिळा ठोकला की ती घरात येणार नाही.

सासूबाईंनी जात्याचा खुंटा सोडला नाही. म्हणाल्या, “तुन्हा छातीवर सवत बठस. मन्हा छातीवर म्हैस बठे, मी नवी सून व्हतू तधय. मंग ती म्हैस काय मन्ही सवत व्हती?”

मला राग आला. म्हटलं, तुम्हाला थट्टा सुचते, मी मेले तर कळेल. तेव्हा त्या म्हणाल्या, शनिवारी बोलवू भगताला. सून माहेरी पळून गेली तर वेचणीला कोण, हाही हिशोब त्यात असेल.

खिळ्याची गोष्ट लेकीच्या कानावर गेली. शुक्रवारी मी चुलीपुढे होते. ती आली, पण नेहमीसारखी दूर उभी राहिली.

“नवी माय, ती रोज येस का?”

“येते.”

“मंग मन्हाकडे काबरं येत नही?”

मी भाकरी उलटली.

“तिना गालवर तीळ शे. डावा गालवर. तू दखा ना?”

मी आठवू लागले. तीळ होता का? नाक कसं होतं? कुंकू? मी त्या बाईला तीनदा हातभर अंतरावरून पाहिलं होतं. पण तिच्या तोंडावर दोन टिंबं होती आणि खाली एक आडवी रेघ. एवढंच. सोनाराने टाकावर ठोकलेलं तेच तोंड. मी जिला कधी पाहिलंच नव्हतं, तिचा चेहरा माझ्या डोक्याने गळ्यातल्या पत्र्यावरून उचलला होता. आणि सासूबाईंच्या डोक्याने गोठ्यातून.

भाकरी करपली. पोर अजून उत्तरासाठी उभी होती.

“नाही गं,” मी म्हटलं. “ती तुझी माय नव्हतीच. मीच घाबरट.”

तिचं तोंड एवढंसं झालं. भुताची भीती घालवली म्हणून कोणी इतकं रडेल असं मला वाटलं नव्हतं. आई येत नाही, एवढंच तिला कळलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला मांडीवर घेतलं.

भगताला नको म्हणून निरोप गेला. सासूबाईंनी मला कुशीवर झोपायला सांगितलं, आणि लेकीला माझ्या पायाशी बसवलं. मी ‘ऊं’ केलं की तिने अंगठा ओढायचा.

आता माझी नात डॉक्टरकी शिकते. ती सांगते, डोकं आधी जागं होतं, अंग मागे राहतं. थकवा असला, उताणं झोपलं की जास्त. त्या अर्धवट जागेपणी डोकं आपल्याच घरातली भीती शोधून छातीवर बसवतं. खरं असेल. आम्हाला अंगठ्याचं औषध आधी सापडलं होतं.

वेचणी संपेपर्यंत दोनदा तरी लेकीने अंगठा ओढला. दुसऱ्यांदा मी डोळे उघडले तेव्हा तिने हळूच विचारलं, “आज कोण व्हतं?”

“म्हैस,” मी म्हटलं.

ती हसली. मग माझ्या गळ्यातला टाक हातात घेऊन, नखाने त्या चांदीच्या डाव्या गालावर एक तीळ कोरत बसली.