आधीचा फोटो

आमच्या कारखान्यात कुठलीही सुधारणा दोन फोटोंशिवाय सुधारणा मानली जात नाही. एक 'आधी'चा आणि एक 'नंतर'चा. 'आधी'च्या फोटोत अंधार असतो, जमिनीवर पसारा असतो, कोपऱ्यात मोडका झाडू असतो आणि मशीनपाशी उभा असलेला माणूस सुतकात असल्यासारखा दिसतो. 'नंतर'च्या फोटोत तोच माणूस इस्त्रीच्या शर्टात हसत असतो, मशीनला हिरवा रंग लागलेला असतो आणि शेजारी झेंडूची कुंडी असते. ती कुंडी एकच आहे. सगळ्या विभागांच्या 'नंतर'मध्ये तीच फिरते. मी गुणवत्ता विभागात असल्यामुळे तिला पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी अतिशय गांभीर्याने करते.

भिलाईतला कारखाना म्हटलं की लोकांना तो मोठा पोलादाचा कारखानाच दिसतो. आमचा तो नव्हे. त्याच्या आसऱ्याने औद्योगिक वसाहतीत जी लहान-मोठी शेडं उभी राहिली, त्यातलं आमचं एक. लोखंडाचे सुटे भाग घडवायचे, मोजायचे, पाठवायचे. पण क्वालिटी सर्कल आमच्याकडेही आहेत. म्हणजे एका विभागातल्या पाच-सहा जणांनी आठवड्यातून एकदा शिफ्ट संपल्यावर बसायचं, आपल्याच कामातली एखादी अडचण निवडायची, तिची कारणं शोधायची, उपाय करायचा आणि मग स्पर्धेत जाऊन ते सगळं रंगवून सांगायचं. समोसे असले की अडचणी जास्त सापडतात, हा माझा स्वतःचा शोध.

लेथ विभागाच्या सर्कलमध्ये गुणवत्ता विभागाकडून मी बसायची; पुढारी होते काका. मूळचे भंडाऱ्याकडचे, वाढले भिलाईच्या कॅम्प-1 वस्तीत. हात सोन्याचा होता आणि ते त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. विनय हा गुण त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. मिशी ते मशीनपेक्षा काळजीने ठेवत. चारचौघांत मला मॅडम म्हणत, एरवी बाई.

या काकांना एकच दुःख होतं, आणि ते नागपूरला राहत होतं. लेकीचा सासरा. आमच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात. हे इवाई रेल्वेतून रिटायर झालेले, ताठ कण्याचे, पॉलिश केलेल्या जोड्यांचे. लग्नात त्यांनी काकांची ओळख सगळ्या पाहुण्यांना एकाच वाक्यात करून दिली होती, "हे आमचे इवाई. भिलाईले लोखंडात असतात." त्यानंतर बारशाला तेच, वास्तुशांतीला तेच.

"लोखंडात काय असते, सांगा बाई?" काका मला विचारायचे. "गंज असते. मी काय गंज आहो?"

त्या वर्षी सर्कलांची विभागीय स्पर्धा नागपूरला होती. काकांच्या रिटायर होण्याआधीची शेवटची. तिथे स्टेजवर उभं राहायचं आणि पहिल्या रांगेत इवायांना बसवायचं, हे काकांनी मनात पक्कं केलं. आता मागे वळून बघते तर सगळा घोटाळा या उत्साहानेच केला.

काकांच्या लेथखाली कुलंट सांडायचं. कुलंट म्हणजे लोखंड कापताना ते थंड राहावं म्हणून वरून सोडतात ते दुधासारखं पांढरं पाणी. ते जमिनीवर साचायचं, लोक घसरायचे, मग कोणीतरी त्यावर पोतं टाकायचं आणि पोत्यावर वीट ठेवायचं. अनेक वर्षं पोतं आणि वीट हाच आमचा उपाय होता. सर्कलची पहिली बैठक शनिवारी ठरली. काकांना शनिवारपर्यंत धीर कुठला. मध्ये आलेल्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी एकट्याने येऊन मशीनखाली पत्र्याचा उतरता ट्रे बसवला, त्याला पन्हळ काढली, सांडलेलं सगळं परत टाकीत जाईल अशी सोय केली, आणि पुन्हा कोणी हलवू नये म्हणून जागच्या जागी वेल्डिंग करून टाकलं. पोतं फेकलं. वीटसुद्धा फेकली.

शनिवारी बैठकीत ते म्हणाले, "अडचण पक्की. लेथखाली कुलंट सांडते."

"कुठे सांडते?" आम्ही वाकून पाहत विचारलं.

"आता कशी सांडन? मी दुरुस्त केलं ना."

तेव्हा आम्ही सगळं उलटं केलं. सुटलेली अडचण निवडली, नसलेली कारणं शोधली. सर्कलमध्ये कारणांसाठी माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढतात, प्रत्येक काट्यावर एक कारण. आमचा मासा देखणा झाला होता. पण कागद साहेबांच्या टेबलावर गेले आणि तिथे अडकले. साहेब उत्तरेकडचे, शांत माणूस, आवाज कधी चढवत नसत, म्हणून त्यांची भीती जास्त.

"बाद का तो बढ़िया है," कुंडीवाला फोटो बघून ते म्हणाले. "पहले वाला कहाँ है?"

पहिलावाला कोणी काढलाच नव्हता. काढणार कधी? अडचण आम्ही निवडली तेव्हा ती गेली होती. साहेबांनी शांतपणे सांगितलं की आधीच्या फोटोशिवाय ते नाव पाठवू शकत नाहीत, आणि शुक्रवारपर्यंत वाट बघतील.

काका बाहेर येऊन पायरीवर बसले. मिशी खाली आल्यासारखी वाटली. इवायांना फोन आधीच करून झाला होता.

आता माझी ओळख सांगते. भिलाईच्या वैशाली नगरात आमच्या गणेशोत्सवाची नाटकं वर्षानुवर्षं मी बसवते. रडणारा राजा, पडणारा पडदा, ऐनवेळी पळून गेलेली गवळण, सगळं निभावलंय. मला वाटलं, एक घाणेरडी जमीन उभी करणं त्यात काय अवघड. मी काकांना म्हटलं, उठा, आपण आधीचा प्रवेश करू.

जेवणाच्या सुट्टीत दिवे मालवले. मोडका झाडू आणला. काकांचा शर्ट बाहेर काढला, केस विस्कटले. मिशीला हात लावू दिला नाही. मग बादलीभर कुलंट मशीनखाली ओतलं आणि मी मोबाईल सरसावला. ते पांढरं पाणी छान पसरलं, क्षणभर थांबलं, आणि उतारावरून सळसळत पन्हळीत, पन्हळीतून टाकीत. मोबाईल नीट धरेपर्यंत जमीन कोरडी. पुन्हा ओतलं. पुन्हा गेलं.

"पाहा ना बाई, थेंब नाही राहिला," काका म्हणाले, आणि जिथे हुंदका यायला हवा होता तिथे त्यांच्या आवाजात अभिमान आला. उदास दिसा, असं मी त्यांना कितीदा बजावलं, पण पाणी वाहू लागलं की त्यांचा चेहरा फुलायचाच. असा नट मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

मग शेजारच्या मिलिंग विभागात गेलो. तिथे मशीनखाली आमच्या स्वप्नातलं तळं होतं, पोत्यासकट, विटेसकट. मी गोड आवाजात म्हटलं, एक फोटो घेऊ का, काकांना नुसतं बाजूला उभं करू. तिथला कारागीर पुढे येऊन हात आडवे करून उभा राहिला.

"नाही जमत मॅडम. ही घाण आमी पुढच्या वर्षाच्या सर्कलसाठी ठेवून राहिलो."

काकांनी त्याच्याशी जोरात हात मिळवला. दोघं एकाच जातकुळीचे.

राहता राहिला एक उपाय, ट्रे कापून काढायचा. गुरुवारी तोच अंधार, तोच झाडू, तीच बादली मांडून काकांनी गॅस कटर पेटवला, डोळ्यांवर काळा चष्मा ओढला, ट्रेसमोर उकिडवे बसले. निळी ज्योत फुरफुरत राहिली. मी म्हटलं, काका, फोटो काढला की परत लावून टाकू, नागपूरला जायचंय ना? काकांनी ज्योत विझवली आणि चष्मा कपाळावर सारला.

"माझ्याच्यानं नाही होत बाई. राहू द्या नागपूर."

एवढ्यात मागे साहेब उभे. राऊंडला निघाले होते. अंधार, झाडू, विस्कटलेले काका, हातात कटर. त्यांनी मला विचारलं, हे काय चाललंय. आता अशा वेळी थोडक्यात सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी ओतण्यापासून मिलिंगच्या तळ्यापर्यंत सगळं हातवारे करून सांगितलं, काकांच्या न आलेल्या हुंदक्याची नक्कलही केली. साहेब हसले नाहीत. त्यांनी बादली उचलली, स्वतः ओतली आणि वाकून पाहत राहिले. मग परत ओतली. तिसऱ्यांदा तर बाह्या वर करून, नळाशी खेळणाऱ्या पोरासारखी.

"फोटो छोड़ो," बूट भिजवून घेत ते म्हणाले. "बाल्टी ले जाओ."

काकांनी पत्र्याची छोटी प्रतिकृती बनवली, हुबेहूब, पन्हळीसकट. शेजारच्या दुर्गहून निघालेल्या गाडीत ती, बादली आणि आम्ही. डब्यातल्या एका बाईंनी विचारलं, लग्नाचं सामान आहे का? काका म्हणाले, "तसंच समजा. इवायाकडेच चाललो."

स्पर्धा एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. ऑक्टोबरचा उकाडा, भिंतीवर गुणवत्तेच्या घोषणा, प्रत्येक सर्कलचं एक छोटं नाटुकलं. पहिल्या रांगेत परीक्षक आणि त्यांच्या बाजूला, आयोजकांचं आमंत्रण नसताना, इवाई. पांढरा शर्ट, आरशासारखे जोडे.

काकांनी प्रतिकृती टेबलावर ठेवली आणि मराठीत सुरुवात केली. कारखान्यात आपसात मराठी चाललं तरी स्टेजवर आम्ही सगळे हिंदीत बोलतो, त्यामुळे भर सभेत काकांचं मराठी ऐकताना मलाच नवल वाटलं. झकास बोलले. मग बादली उचलून मोठ्या ऐटीत पाणी ओतलं.

टेबलाचा पुढचा पाय आखूड होता. हे आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही, ज्यांनी कारणांचा अख्खा मासा काढला होता. पाणी पन्हळीकडे पाठ फिरवून उलट्या दिशेने निघालं, टेबलाच्या कडेवरून धबधब्यासारखं कोसळलं आणि सरळ पहिल्या रांगेत. परीक्षकांनी कागद वर घेतले. इवायांनी दोन्ही पाय वर घेतले, पण उशीर झाला होता.

दुसरं कोणी असतं तर डोळे मिटून घेतले असते. मी टक्क उघडे ठेवले, असा प्रवेश पुन्हा बघायला मिळत नाही. काकांनी पाण्याकडे पाहिलं. इवायांच्या हवेत तरंगणाऱ्या पायांकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. मिशीवरून एक बोट फिरवलं.

"हे आधीचं," ते म्हणाले.

मग शांतपणे भिंतीवरची एक घोषणा काढली, पुठ्ठ्याची चौपदरी घडी केली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. गुणवत्तेच्या घोषणेने काहीतरी खरोखर तोलून धरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बादलीत उरलेलं पाणी ओतलं. ते आज्ञाधारकपणे उतारावरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीच्या जागी ठेवलेल्या डब्यात गेलं. टेबल कोरडं.

"आणि हे नंतरचं."

टाळ्या पडल्या. एका परीक्षकाने तरीही सवयीने विचारलंच, आधीच्या स्थितीचा काही पुरावा आहे का? काकांनी अदबीने इवायांच्या जोड्यांकडे हात केला. आणि मला तेव्हा आठवलं, मोबाईल माझ्या पर्समध्येच होता. या आधीचाही फोटो कोणी काढला नव्हता.

अशा स्पर्धेत कोणी हरत नाही. सगळ्यांना 'उत्तम', 'अत्युत्तम' अशी कमी-जास्त उंचीची विशेषणं मिळतात. आम्हाला मधलं मिळालं. पण काका विशेषणासाठी आलेच नव्हते.

संध्याकाळी इवायांकडे जेवण. व्हरांड्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले जोडे वाळत होते, आणि आत जाताना आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे पाहणं टाळलं. लेकीने पाटवड्यांची भाजी केली होती, झणझणीत. ती सारखी बापाकडे बघून ओठ दाबत होती. तिला सगळं कळलेलं दिसत होतं. इवाई मात्र गप्प. भाजी वाढा, पोळी घ्या, एवढंच. काका मान खाली घालून जेवत राहिले. ज्या एका माणसाने काही बोलावं म्हणून बादली दुर्गहून नागपूरला आणली, त्याने त्या विषयाला हात लावला नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा इवायांनी मला ताक वाढलं.

हात धुवायला उठलो तेव्हा ते दारात अडून उभे राहिले. घसा साफ केला.

"इवाई, आमचा कूलर मागून टपकून राहिला. मिस्त्री येऊन गेले, काही फरक नाही. तुमी पाहता काय जरा?"

काकांनी लेकीच्या हातातून टॉवेल घेतला, सावकाश हात पुसले, एकेक बोट, आणि मागच्या खोलीत गेले. कूलरखाली तळं होतं. त्यावर पोतं होतं. पोत्यावर वीट होती. काकांनी ते दृश्य डोळे भरून पाहिलं. उकिडवे बसले, हात पुढे केला, आणि नळीपाशी पोचलेला हात तसाच मागे घेऊन उभे राहिले.

"बाई, मोबाईल काढा. आधी फोटो."

मी काढला. या खेपेस पर्स आधीच उघडून ठेवली होती.

"इवाई, तुमी पोत्यापाशी उभे राहा."

"मी कशाले?"

"आधीच्या फोटोत माणूस लागते. नियम आहे. आणि हसू नका. तरास दिसला पाहिजे."

इवाई बनियन-लुंगीत, अनवाणी, त्या तळ्यात जाऊन उभे राहिले. मी फोटो काढला. काकांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि मान हलवली. नापास.

"तुमी हसून राहिले ना जी."

"मग काय करू?" इवाई म्हणाले. "भिलाईहून माणूस आला ना आमचा, दुरुस्त कराले."