लिंबाजीच्या शेततळ्यातलं बेट

आमच्या बोरीचा लिंबाजी म्हणजे ऐकलं की लगेच करून बघणारा माणूस. रेडिओवर कुणी म्हणालं, गाईला गाणं आवडतं, तर हा गोठ्यात गळा काढून बसला. गाय दूध चोरायला लागली! असो, तो किस्सा वेगळा. आज त्याच्या कोंबड्याचं सांगतो.

कोंबड्याचं नाव नवाब. लिंबाजीची बायको गेली, लेक परभणीला दिली, घरात बोलणारा तेवढाच एक राहिला. भाकरीचा पहिला तुकडा नवाबाचा. पण नवाबाला एक खोड. भिंतीवरून उडायचं आणि शेजारच्या सुलाबाईच्या अंगणातले वाळत घातलेले मूग उधळायचे. एक दिवस सुलाबाईनं भिंतीवरूनच सुनावलं, "लिंबाजीभाऊ, पुन्हा आला तर रस्सा करते बघा. वाटीभर तुमाला बी धाडीन. माणुसकी हाय माझ्यात!"

लिंबाजीची झोप उडाली. मी म्हटलं, "पंख छाट की."

"नवाबाची हजामत? अजिबात न्हाई!"

तेवढ्यात त्याची नात रुपाली सुटीला आली. कॉलेजात शिकते. ओट्यावर बसून सांगायला लागली, "आबा, लय वर्षांमागं काही पक्षी उडत उडत समुद्रातल्या बेटांवर गेले. तिथं ना कोल्हा, ना मांजर. मग उडायचं कशाला? पंख पोसायला बी खाणं लागतं. पिढ्यामागून पिढ्या पंख बारके झाले, पाय जाड झाले. पुढं माणसं आली, संगं मांजरं-उंदरं आली, आणि ते पक्षी संपले. आता गुहांमधी त्यांची हाडं सापडतात. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला उभी धार असते, ती ह्यांची सपाट झालेली, पंखाचं हाड काडीएवढं. त्यावरनं हे सगळं कळतं."

लिंबाजीनं निम्मंच ऐकलं आणि उठला. त्याच्या शेततळ्यात मधोमध खडकाचा उंचवटा होता, खोदणाऱ्या मशीनलाही न फुटलेला. आयतं बेट! हवा भरलेल्या ट्यूबवर टोपलं ठेवून नवाब आणि त्याच्या दोन बेगमा तिकडं रवाना झाल्या.

रुपालीनं कपाळावर हात मारला. "आबा, त्याला लाखो वर्षं लागतात!"

"म्हणून तर लवकर सुरू केलं, बाई!"

मग रोज काठावरूनच लांब बांबूनं ट्यूब ढकलत टोपलंभर ज्वारी. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात आम्हाला बातमी मिळायची, "आज एकदाच फडफडला. उडायचं विसरायलाय!" नवाब रांजणासारखा फुगला. चालायचा तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. गाव बघायला लोटलं, आणि एक दिवस सुलाबाईही आली. काठावर उभी राहून ओरडली, "कुठं हाय तो मूगचोर?"

आवाज ऐकला आणि नवाबाचा तुरा ताठ झाला. पंख झाडले आणि गडी उडाला की हो!

"अरे, तू विसरला होतास ना!" लिंबाजी कळवळला.

निम्म्या वाटेवर ज्वारीनं दगा दिला. धप्पकन पाण्यात! लिंबाजीला पोहता येत नाही, मी त्याचं धोतर धरून मागं ओढतोय, तो "नवाब! नवाब!" करून बोंबलतोय. सुलाबाईचं माहेर गोदाकाठचं. तिनं पदर खोचला आणि मारली उडी. नवाबाला पायाला धरून वर काढलं. त्यानं अंग झाडलं, सगळं पाणी तिच्या तोंडावर.

लिंबाजीनं हात जोडले. "वहिनी, रस्सा तेवढा…"

"गप बसा! पाण्यातनं काढलेला जीव कुणी चुलीवर ठेवतं का?" तिनं नवाबाला पदरात गुंडाळलं. "पण तुमच्याकडं द्यायची न्हाई मी. उद्या अजून काहीतरी ऐकून याल!"

तेव्हापासून नवाब आणि बेगमा तिच्याकडंच असतात. लिंबाजी रोज सकाळी भेटीला जातो, चहा पिऊन येतो. परवा रुपालीला विचारत होता, कोंबडा पहाटे आरवायचं विसरेल असं बी एखादं बेट हाय का म्हणून. सुलाबाईची झोप मोडते म्हणे. रुपाली आता सुटीत आली की फक्त पाऊस-पाण्याचं बोलते.