आप्पांचा खुबा

बेअरिंग गेलंय की नाही, हे आमचे आप्पा कानानं सांगत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग, "खातंय. उतरवा!" तळेगाव ढमढेऱ्यात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. आठवीतून शाळा सोडलेला मी नांदेडकडून एकटा आलो, तेव्हा त्यांनी काम दिलं, घरात आपल्या पंगतीला बसवलं. पुढं शिरूरकडच्या कंपनीत लागलो, तेही त्यांच्याच शब्दावर.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "दोन्ही कडक ठेवू नका. शाफ्ट पोलादाचा, तर त्याच्याभोवतीचा बुश गनमेटलचा. एकानं मऊ व्हायचं." भांडून आलेल्या नवरा-बायकोलाही ते हेच ऐकवत.

दोन हजार सालानंतर त्यांचा खुबा गेला. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला, इंग्रजी माहितीपत्रक दिलं. धातूचा गोळा बसवायचा, त्याला वाटी प्लॅस्टिकची की धातूचीच? तिसरं सिरॅमिक. ते आप्पांनी आधीच मोडीत काढलं, "मांडीत कपबशी न्हाई बसवायची." मग घरच्यांसमोर, पाहुण्यांसमोर पत्रक माझ्या हातात दिलं. "हा कंपनीत हाय. ह्याला कळतं."

इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं. सांगायची लाज वाटली. चित्रं पाहिली. कंपनीतली बेअरिंगं पोलादावर पोलाद फिरणारी, वर्षानुवर्षं टिकणारी. म्हणालो, "धातूवर धातू घ्या आप्पा. प्लॅस्टिक झिजंल."

आप्पांनी माझ्या हातातून पत्रक घेतलं, त्याची घडी घातली. मग सुनेला म्हणाले, "ठरलं. हा म्हणतोय तेच."

तीन-चार वर्षांत खुबा ठणकायला लागला. धातूचे बारीक कण सुटून भोवतालचं मांस खराब झालंय, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा ऑपरेशन झालं, या वेळी प्लॅस्टिकची वाटी. पण लेथपुढं उभं राहणं संपलं ते संपलंच. वर्कशॉप विकलं.

भेटायला गेलो तेव्हा राहवलं नाही. "आप्पा, तो कागद मला वाचताच आला नव्हता."

"ठावं हाय. नुसती चित्रं बघत व्हतास."

"मग ऐकलं कशाला माझं?"

"समदी बसलेली. पावण्यांसमोर तुझा शब्द खाली कसा पडू देऊ?" असं म्हणून त्यांनी सुनेला माझं ताट वाढायला सांगितलं.

आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता कंपनीत कुणी कागद पुढं केला की मी सरळ सांगतो, "मला इंग्रजी येत नाही, वाचून दाखवा." एवढंच वाक्य आहे. त्या दिवशी आप्पांच्या घरी ते माझ्या तोंडून निघालं नाही.