गुरूचा चंद्र आणि चाळीस मिनिटं

मलनिस्सारण खात्यात त्यांना सगळे ‘ग्रहमंत्री’ म्हणत. दिवसभर ते गटारांचे नकाशे दुरुस्त करत आणि सकाळी खात्यात जाण्याआधी, ओट्याच्या कडेला लॅपटॉप टेकवून, ग्रहांचं गणित. बारा वर्षं खपून त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, तारीख-वेळ दिली की कुठला ग्रह आकाशात कुठे असेल ते सांगणारा तयार प्रोग्रॅम. ओपन सोर्स. म्हणजे कुणीही घ्यावा, वापरावा आणि बिघडलं की यांना शिव्या द्याव्यात. शेवटची अट कुठेही लिहिलेली नव्हती, पण लोक तीच सर्वांत काटेकोरपणे पाळत.

शहरातल्या तारांगणानेही ती घेतली होती. विचारायची गरज नव्हती, म्हणून कळवलंही नाही. मग तारांगणाने गाजावाजा केला: संध्याकाळी सात-दहाला गुरूचा एक चंद्र गुरूच्या सावलीत जाईल, गच्चीवर या, दुर्बिणीतून पाहा. चारशे माणसं जमली. सात-दहा झाले, सव्वासात झाले, चंद्र ढिम्म. साडेसातला पोरं रडायला लागली, लोक पांगले. सात-पन्नासला चंद्र दिसेनासा झाला, तेव्हा गच्चीवर फक्त झाडूवाली बाई होती.

दुसऱ्या दिवशी संचालकांचं निवेदन आलं: ‘फुकटच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे दिलगीर आहोत.’ ग्रहमंत्र्यांना दुपारपर्यंत नव्वद संतप्त निरोप आले.

बायको म्हणाली, “अहो, इतकी माणसं ओळखतात तुम्हाला? मला वाटलं, मी एकटीच.”

त्यांना हसू आलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच सगळं पुसून टाकावंसं वाटलं. त्याआधी त्यांनी तारांगणाच्या प्रोग्रॅमरला फोन लावला.

“प्रकाशाचा वेळ धरला होता का?”

“म्हणजे, सर?”

“गुरूपासून इथवर उजेड यायला सध्या चाळीस मिनिटं लागतात. तिथलं आपल्याला तेवढं उशिरा दिसतं.”

“हां, ती सोय होती, सर. मी बंद केली. गणित हळू चालायचं.”

“किती हळू?”

“अर्धा सेकंद.”

त्यांनी काहीच पुसलं नाही. फक्त एवढंच केलं, की यापुढे ती सोय बंद करायची तर आधी ‘मला चुकीचं उत्तर चालेल’ असं टाइप करावं लागेल. तिघांनी हे अपमानास्पद असल्याची तक्रार केली. दोघांनी निमूट टाइप केलं.

पुढच्या महिन्यात तारांगणाने पुन्हा कार्यक्रम ठेवला. नवराबायको मागे उभे राहिले. चंद्र सांगितल्या वेळी विझला. टाळ्या झाल्या. संचालक म्हणाले, “हे आमच्या तज्ज्ञांचं यश!”

“अहो, हात तरी वर करा!”

“थांब. अकरा सेकंद उशीर झालाय.”

तिने त्यांचा नाद सोडला आणि सरळ संचालकांसमोर जाऊन उभी राहिली. “यश तुमचंच, साहेब. दोष निघाला की मात्र आमच्याकडे पाठवा. ते खातं आमच्या घरी आहे.”

‘आभाराचं पत्र पाठवतो,’ म्हणत संचालकांनी घाईघाईने पत्ता लिहून घेतला. पत्र अजून आलेलं नाही. अकरा सेकंद मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले.